सोळा पावलं आणि पुन्हा सोळा

काचेच्या वाडग्यात पेपरमिंटच्या गोळ्या. लाल-पांढऱ्या, फुकट.

हिरव्या भातशेतातून गेलेला एक पिवळा पट्टा. अठ्ठेचाळीस फूट रुंद, अर्धा मैल लांब. हमरस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसेल असा.

जुन्या चादरीचं निशाण, मासे धरायच्या वेताच्या काठीला तारेनं आवळलेलं.

प्रदर्शनातल्या न्याहारीच्या वेळी वाचली जाणारी यादी, वर्षभरात विमानासकट गेलेल्या पायलटांची. नाव, गाव, घंटेचा एक टोल. यंदा सात टोल. मग पुन्हा काट्या-चमच्यांचे आवाज.

"मोठ्यानं मोजू नकोस, पोरा. मोठ्यानं मोजणारा स्वतःचा आवाज ऐकत बसतो आणि पावलं विसरतो."

टेबलावरच्या निळ्या कापडाखाली लपवलेला विजेचा बोर्ड.

एक निळी गाडी, रविवारी, हळू होणारी.

नऊ राज्यं.

या सगळ्याला एकत्र बांधणारा माणूस म्हणजे एल्रे कोमो, वय अठ्ठावन्न. शेतांवर औषध-खत टाकणाऱ्या विमानांची जिथं जिथं प्रदर्शनं भरतात तिथं तिथं तो एकोणीस वर्षं दिव्यांची पट्टी विकत होता. हातभर लांबीची काळी पट्टी, तिच्यात ओळीनं बारीक दिवे. ती पायलटच्या नाकासमोर, काचेच्या पलीकडं बसवायची. विमान ओळीत असलं की मधला हिरवा दिवा लागतो. डावी-उजवीकडं सरकलं की त्या बाजूचे पिवळे. वरून उपग्रह मोजतात, खाली पट्टी दाखवते. शेतात कुणी उभं राहायला नको.

पट्टी येण्याआधी शेतात माणसं उभी असत. दोन टोकांना दोघं, हातात निशाण. पायलट दोन्ही निशाणं एका रेषेत धरून उडायचा. तो डोक्यावरून गेला की निशाणवाल्यानं वाऱ्याच्या उलट्या बाजूला सोळा पावलं सरकायचं आणि पुन्हा निशाण उंच करून उभं राहायचं. दिवसभर हेच. एल्रेनं हे काम आठ हंगाम केलं होतं आणि कंपनीनं त्याला घेतलं ते त्यासाठीच. ज्या पट्टीनं निशाणवाल्यांचं काम संपवलं तीच पट्टी एक जुना निशाणवाला विकतोय, याहून चांगली जाहिरात कुठून आणायची?

त्याचा खेळ ठरलेला होता. दोन स्टॉलांमधल्या वाटेवर कंपनीची माणसं अठ्ठेचाळीस फुटांवर चिकटपट्टीची खूण करायची. एल्रे निशाण घेऊन, डोळे समोर ठेवून सोळा पावलं टाकायचा आणि खुणेच्या चार बोटं अलीकडं-पलीकडं थांबायचा. टाळ्या पडायच्या. "मी चार बोटं चुकतो," तो म्हणायचा, "पण संध्याकाळी मी दमलेला असतो. ही दमत नाही." आणि मग तो गोष्ट सांगायचा.

*गोष्ट, पहिल्यांदा. नेब्रास्का, १९९६.*

"मी एकदा मोजणी चुकलो. सोळा झाली होती, मी पुन्हा सोळा चाललो. मधल्या पट्ट्यात युरिया पडलाच नाही. पंधरा दिवसांत हिरव्या शेतात ही पिवळी रेघ!"

पुढं बसलेला एक जाडा पायलट म्हणाला, "म्हणजे ज्याला सोळापर्यंत मोजता येत नाही, त्याच्याकडून मी मोजायचं यंत्र घ्यायचं होय?"

सगळे हसले. त्या दिवशी एकही पट्टी विकली गेली नाही.

*गोष्ट, दुसऱ्यांदा. कॅन्सस, त्याच हिवाळ्यात.*

"आमच्याकडं एक म्हातारा निशाणवाला होता. तो एकदा मोजणी चुकला..."

दोन पट्ट्या विकल्या.

*गोष्ट, १९९९. टेक्सास.*

म्हाताऱ्याच्या रबरी बुटात बाटली आली. "नऊ... दहा... घुटका! अकरा... बारा... घुटका!" एल्रे निशाण खांद्यावर टाकून वाटेवरून झोकांड्या खात चालायचा. लोक डोळे पुसायचे.

*गोष्ट, २००३. नॉर्थ डकोटा.*

एका बाईनं विचारलं, "त्याचं नाव काय हो?"

जगात नावं काय कमी होती? कुठलंही चाललं असतं. एल्रेच्या जिभेवर जे होतं ते बाहेर पडलं. "ओझेमे. म्हातारा ओझेमे." त्या मुलखात असलं नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. लोक नुसत्या नावाला हसले, मग गोष्टीला पुन्हा हसले. त्यानंतर ते नाव गोष्टीतून काही निघालं नाही.

लुईझियानात मात्र त्यानं ती कधीच सांगितली नाही. तिथल्या प्रदर्शनालाच तो जायचा नाही. स्वतःचं गाव ईगन तिथून तासाभरावर, तरी दर जानेवारीत काहीतरी निघायचं. कधी बायकोचा गुडघा, कधी गळकं छप्पर. तिकडचं सगळं दुसरा एक विक्रेता बघायचा. तो यंदा निवृत्त झाला आणि एल्रेजवळची कारणं संपली.

लेक चार्ल्सच्या हॉटेलातल्या त्या दालनात त्यानं पाऊल टाकलं आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"नऊ... दहा... घुटका!"

स्टॉलवर पुरुषभर उंचीचा पडदा होता. पडद्यावर एल्रे झोकांड्या खात होता. बाजूला कर्स्टन लुंड कापडाच्या चुण्या सारखी करत होती. मिनेसोटातल्या मुख्यालयातली ही इंजिनिअर, पट्टीच्या आतलं सगळं गणित तिनं लिहिलेलं. माणसांत मिसळायची सवय व्हावी म्हणून कंपनी तिला प्रदर्शनांना पाठवायला लागली होती. हे तिचं दुसरंच.

"हे काय आहे?" एल्रेनं विचारलं.

"तुम्ही आहात," कर्स्टन म्हणाली. "मागच्या महिन्यात चित्रण केलं नव्हतं का? वरच्या लोकांना इतकं आवडलं की आता सगळीकडं लावायचं ठरलंय. दर चार मिनिटांनी आपोआप पुन्हा सुरू होतं. तुमचा घसा वाचला."

"बंद कर."

"का? चांगले दिसताय. पोट थोडं—"

"कर्स्टन, बंद कर म्हणतोय ना!"

तिची वाट न बघता त्यानं कापडाखाली हात घातला आणि वायर उपसली. पडदा काळा झाला. त्याबरोबर दिव्यांची पट्टीही विझली आणि कॉफीचं यंत्रसुद्धा.

"वा," कर्स्टन म्हणाली. "आता आपण विकायचं काय? पेपरमिंट?"

बरीच घासाघीस झाली. कर्स्टनला रोज रात्री वरती कळवायचं होतं की पडदा किती वेळ चालला. शेवटी ठरलं की पडदा चालू राहील, पण मुका. एल्रेनं स्वतःच्या हातानं आवाज शून्यावर आणला, दोनदा खात्री केली आणि पडद्याकडं पाठ करून उभा राहिला. आवाज बंद केला की पडद्याच्या तळाला अक्षरं उमटतात, हे त्याला ठाऊक नव्हतं. कर्स्टनला ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारलं नाही.

दालन उघडलं. जुनी तोंडं येऊ लागली.

"अरे, एल्रे कोमो! आम्हाला वाटलं तू तिकडं उत्तरेत गोठून मेलास."

"गोठलोच होतो. तुझा स्वयंपाक आठवला आणि वितळलो. तू अजून उडतोस? विमान काही बोलत नाही तुझ्या वजनाला?"

"विमान सभ्य आहे. तुझ्यासारखं नाही."

बोलता बोलता त्या माणसाची नजर एल्रेच्या खांद्यावरून मागं गेली आणि तो खो खो हसला. एल्रेला वाटलं आपल्याच बोलण्याला हसला. सकाळभर असे चार-पाच जण हसले. आपण इतके गमतीदार आहोत हे आपल्याच मुलखाला इतकी वर्षं कळलं नव्हतं, असं त्याला वाटून गेलं, आणि बरंही वाटलं.

साडेअकराच्या सुमारास एक तिशीच्या आतला, उन्हानं रापलेला पोरगा आला. "मिस्टर एल्रे? मी जूड. मार्चपासून माझं स्वतःचं विमान उडणार आहे. जुनंच आहे, पण माझं आहे. मला पट्टी हवीय."

"कुठला तू?"

"ईगनचा."

"ईगनचा! मग कुणाचा? आई कोण तुझी?"

"ही काय, इथंच आहे. ओडील. लात्योल्यांची ओडील."

एल्रेचा हात गोळ्यांच्या वाडग्यात होता. तो तिथंच राहिला. मग त्यानं मागं वळून पाहिलं. पडद्यासमोर साठीची एक बारीक बाई उभी होती, पाकीट दोन्ही हातांनी पोटाशी धरून. तळाशी पांढरी अक्षरं सरकत होती: *ओझेमे! म्हातारा ओझेमे! बुटात बाटली आणि...* ती वाचत होती. चित्रफीत संपली. ती हलली नाही. पुन्हा सुरू व्हायची तिनं वाट पाहिली आणि पहिल्या अक्षरापासून पुन्हा वाचली. चार मिनिटं. एल्रेनं आयुष्यात इतकी लांब चार मिनिटं पाहिली नव्हती.

"मिस ओडील," तिकडच्या आदराच्या रीतीनं तो म्हणाला आणि त्यानं टोपी काढली.

"घाल ती टोपी, एल्रे. टक्कल पडलंय तुला. थंडी वाजेल."

"ही गोष्ट... ही विकायसाठी असते, मिस ओडील. हा ओझेमे वेगळा. टेक्सासकडचा एक होता—"

"टेक्सासात ओझेमे. बरं." तिनं मान हलवली. "आणि तोही निशाण धरायचा. आणि त्याचाही पिवळा पट्टा हमरस्त्याला लागून होता. किती योगायोग असतात नाही जगात!"

जूड एकदा आईकडं, एकदा पडद्याकडं बघत होता. "हे आपले आजोबा आहेत?"

"तू गप रे." ती एल्रेकडं वळली. "माझा बाप दारूला शिवत नव्हता. स्वतःच्या लग्नात कॉफी प्यायला तो, सगळी माणसं चिडवत होती तरी. मोजणी चुकली, ते खरं. ते त्यानं स्वतः घरी येऊन सांगितलं. 'वय झालं, ओडील, मोजणी चुकली.' म्हणून तर पुढच्या वर्षी त्याला बोलावलं नाही. ते आम्ही धरून चाललो. माणूस चुकतो. पण ही बाटली कुठून आली, एल्रे? तेवढंच सांग मला."

एल्रेच्या लक्षात आलं की ती फक्त बाटलीबद्दल विचारतेय. तिच्या मनात दुसरा संशयसुद्धा नाही. लहान गुन्हा कबूल केला तर मोठा झाकला जाणार होता, आणि एकोणीस वर्षांत त्याच्या अंगात एक सवय मुरली होती: समोरच्याला जेवढं हवं तेवढंच दाखवायचं.

"चुकलं माझं," तो म्हणाला. "लोक हसतात म्हणून घातली."

"हसतात," ती म्हणाली. "हो, हसतात खरे." तिनं जूडचं कोपर धरलं आणि दोघं समोरच्या कंपनीच्या स्टॉलकडं गेले.

*जे घडलं ते. ईगन, जून १९७९.*

ओझेमे लात्योले बावन्न वर्षांचा, उत्तरेच्या टोकाला. एल्रे तेवीस वर्षांचा, पहिलाच हंगाम, दक्षिणेच्या टोकाला, रस्त्याकडेच्या कोरड्या बांधावर. ओझेमेला सगळे नाँक म्हणायचे, म्हणजे काका, एल्रेही म्हणायचा. मोठ्यानं मोजू नकोस, हे पहिल्या दिवशी नाँकनंच त्याला सांगितलं होतं. रिवाज असा की मोजणीचा मालक उत्तरेचा माणूस. दक्षिणेच्या माणसानं आपली सोळा पावलं टाकायची आणि मान वर करून उत्तरेशी जुळवून घ्यायचं.

विमान मिस्टर विल्टनचं. त्याचा नियम एकच होता: ज्या निशाणापायी विमान न टाकता फिरवावं लागलं, त्या निशाणानं घरी जायचं. त्या महिन्यात दोघं घरी गेले होते. एल्रेच्या बायकोला आठवा चालू होता.

विमान दक्षिणेकडून निघून उत्तरेला गेलं. एल्रे सोळा पावलं सरकला. रस्त्यानं एक ट्रक गेला, त्यातून कुणी ओळखीचा ओरडला, "ए एल्रे, चादरी वाळत घालतोस काय!" एल्रेनं त्याहून वाईट काहीतरी ओरडून उत्तर दिलं, हसला, आणि आपण अजून सरकलोच नाही असं समजून पुन्हा सोळा पावलं चालला.

मान वर केली तेव्हा समोरचं निशाण भलतीकडं दिसत होतं. विमान उत्तरेच्या झाडांपलीकडं वळण घेत होतं. निशाण आडवं हलवलं की 'टाकू नको, फिरून ये' अशी खूण असायची. एल्रेचा हात काही उठला नाही. पलीकडचं निशाणही आडवं हललं नाही.

ते पळायला लागलं.

निशाणवाले पळत नाहीत. माणूस चालतो तेव्हा लांबून निशाण तरंगत गेल्यासारखं दिसतं. हे वरखाली आपटत होतं. विमान सरळ झालं त्याच क्षणी ते थांबलं, एल्रेच्या बरोबर समोर. विमान आलं, युरियाचे दाणे त्याच्या टोपीवर तडतडले, आणि पुढचं काम जणू काही झालंच नाही असं चालू राहिलं.

संध्याकाळी ट्रकमध्ये ओझेमे मोजे पिळत बसला होता.

"नाँक, मी—"

"माहीत आहे."

"मग तुम्ही विमान फिरवलं का नाही?"

"फिरवलं असतं तर विल्टननं वरून बघितलं असतं कोण जागेवर आहे आणि कोण नाही. आज रात्री बायकोला काय सांगितलं असतंस?" त्यानं दुसरा मोजा पिळला. "एक निशाण चुकलं की पट्ट्याची पाचर होते. रुंद बाजू कुणाची, ते रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सांगेल. दोन्ही चुकली की पट्टा सरळ पडतो. मग तो कुणाचाही." थर्मासमधली कॉफी त्यानं झाकणात ओतून एल्रेला दिली. "आणि कुणी सांगावं, दिसणारही नाही."

दिसला. पंधरा दिवसांत पिवळा झाला, सरळ, काठोकाठ. मिस्टर विल्टन दोघांना बांधावर उभं करून विचारायला लागला, तेव्हा ओझेमे म्हणाला, "मोजणी माझी. पोरगं मी उभा राहीन तिथं उभं राहतं." एल्रे आपल्या बुटांकडं बघत होता. नंतर पुष्कळदा त्याला वाटलं की तेव्हा बोलायला दोनच शब्द लागले असते.

पुढच्या वसंतात ओझेमेला बोलावणं आलं नाही. उत्तरेचं टोक एल्रेला मिळालं. ओझेमे भात वाळवायच्या गिरणीत लागला आणि वीस वर्षं भुशाच्या धुळीत उभा राहिला. तिथली माणसं विचारायची, "काय नाँक, आज किती पोती? की मोजणी चुकली?" तो त्यांच्याबरोबर हसायचा.

*गोष्ट, शेवटची. लेक चार्ल्स, दुपारी दोन.*

तीसेक माणसं जमली होती. एल्रेनं निशाण घेतलं, सोळा पावलं टाकली, खुणेच्या चार बोटं अलीकडं थांबला. टाळ्या पडल्या. ओडील कॉफीच्या भांड्याजवळ कागदी पेला घेऊन उभी होती. जूड समोरच्या स्टॉलवर नमुन्याच्या खुर्चीत बसून त्यांची पट्टी बघत होता.

"ही गोष्ट मी एकोणीस वर्षं सांगतोय," एल्रे म्हणाला. "आणि खोटी सांगतोय."

"विकणारा खरं बोलायला लागला! पळा रे!" मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला.

एल्रेनं तो ओसरू दिला आणि सांगायला लागला. ट्रक, चादरी, दुसऱ्यांदा टाकलेली सोळा पावलं. पळणारं निशाण. पाचर आणि पट्टा. बांधावर उभं करून विचारलेला प्रश्न. सांगताना त्यानं हात हलवले नाहीत, आवाज बदलला नाही, त्यामुळं मागच्यांना नीट ऐकूही गेलं नसावं. "त्याचं नाव ओझेमे लात्योले. तो दारू पीत नव्हता. मोजणी कधी चुकला नाही. चुकलो तो मी."

दोघा-तिघांनी एकेक पेपरमिंट उचलली, उगाच, रिकाम्या हातानं जायला नको म्हणून, आणि सरकले. कानात यंत्र घातलेल्या एका म्हाताऱ्या पायलटनं विचारलं, "पण मग त्या पट्ट्यात युरिया नंतर कुणी टाकला?"

"कुणीच नाही," एल्रे म्हणाला.

"भात फुकट गेलं मग," म्हातारा हळहळला आणि गेला.

कर्स्टन कितीतरी वेळ पट्टीवरची नसलेली धूळ पुसत होती. "एल्रे," ती शेवटी म्हणाली, "ही गोष्ट पट्टीच्या विरोधात जाते."

"हो."

"पट्टीनं चूक केली नसती, ते ठीक. पण कुणी चुकलं असतं तर ती पळालीही नसती."

"नसती."

"मी तसं काही लिहू शकत नाही," ती म्हणाली. एल्रेला कळलं नाही की ती वरच्या अहवालाबद्दल बोलतेय की आतल्या गणिताबद्दल. तिलाही कदाचित कळलं नसेल.

ओडील आली. कॉफी तशीच होती पेल्यात.

"हे तू त्याला सांगायचं होतंस."

"हो, मिस ओडील."

"हो काय हो! तीस वर्षं होती तुला. सहा वर्षांपूर्वी गेला तो. दर रविवारी चर्च सुटल्यावर तुझ्या घरासमोर गाडी हळू करायचा. आई वैतागायची, जेवण निवतंय, इथं काय बघतोस? तर म्हणायचा, काही नाही, एल्रेचं पोरगं किती वाढलं बघतो."

एल्रेला ती गाडी माहीत होती. निळी. तिचा आवाज हळू झाला की तो मागच्या दारानं कोंबड्यांकडं जायचा आणि आवाज पुन्हा वाढेपर्यंत तिथंच दाणे टाकत राहायचा. त्याच्या कोंबड्या रविवारी दुप्पट खायच्या.

"मी तुमची माफी—"

"माझी नको. मी कुठं हसले होते? जे हसले त्यांना सांग."

"नऊ राज्यं आहेत, मिस ओडील."

"मग बस मोजत," ती म्हणाली. "आता तरी येतं ना तुला?"

पेला तिनं त्याच्या टेबलावर, गोळ्यांच्या वाडग्याशेजारी ठेवला आणि दाराकडं गेली. मागं वळून पाहिलं नाही. एल्रे वाट बघत होता, पण नाही.

जूड नंतर एकटाच आला, साडेतीनला. "तुमची पट्टी चांगली आहे," तो टेबलाकडं बघत म्हणाला. "समोरच्यांची वळणावर मागं राहते. तुमचीच घेतो."

कर्स्टननं कागद पुढं केले. त्यानं सह्या केल्या. घेणाऱ्या प्रत्येकाला कंपनीची टोपी द्यायची पद्धत होती. एल्रेनं खोक्यातून एक काढून पुढं केली.

"टोपी नको," जूड म्हणाला.

तो गेल्यावर कर्स्टननं कुणी न सांगता पडद्यामागचा डबा उघडला आणि चित्रफीत पुसून टाकली. पडद्यावर नुसतं कंपनीचं चिन्ह राहिलं. "पण ही चौदा ठिकाणी पाठवलीय," ती म्हणाली. "मी विचारून बघेन. ते विचारतील, का. मी काय सांगू?"

"सांग की तो दारू पीत नव्हता."

"एवढंच?"

"एवढंच पुष्कळ आहे. पहिल्यांदा."

पाचला दालन रिकामं व्हायला लागलं. माणसं गालिचे गुंडाळत होती, कुणीतरी शिडीवर चढून झेंडे उतरवत होतं. एल्रेनं निशाण उचललं आणि वाटेवर चिकटपट्टीच्या खुणेपाशी जाऊन उभा राहिला.

"कर्स्टन, घड्याळ आहे ना?"

"आहे. का?"

"मी निघालो की मोज."

तो पळाला. निशाण डोक्याच्या वर धरून, सोळा पावलं, अठ्ठावन्न वर्षांच्या गुडघ्यांनी, मऊ गालिच्यावरून. गालिचेवाली माणसं थांबून बघत राहिली. शेवटच्या पावलाला तो पुढच्या स्टॉलच्या टेबलावर जवळजवळ आदळलाच.

"सहा सेकंद," कर्स्टन म्हणाली. "वाईट नाही. कशासाठी होतं हे?"

टेबल धरून एल्रे श्वास घेत होता. मागं पट्टीतला मधला हिरवा दिवा लागलेला होता.

ओझेमे पळाला त्या दिवशी उत्तरेच्या टोकाला गुडघाभर पाणी होतं.